पिल्लांच्या पेटीबरोबर आईच्या कळपाची चिठ्ठी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोंबडीच्या मांसात प्रतिजैविकांचे अंश सापडत असल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. काळजी करावी अशीच ती आहे. पण 'शेतकरी औषधांचा मारा करतात' इथे येऊन ती संपते, आणि शेतकऱ्यावर ही वेळ का येते हा प्रश्न तसाच राहतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होते. निवृत्तीनंतर सिन्नर तालुक्यात मुलगा आणि सूनबाई यांच्या ब्रॉयलरच्या शेडवर लसीकरणाची आणि मरतुकीची वही मी ठेवते. त्या वहीच्या आधारे हे पत्र लिहीत आहे.

आमच्या भागात थंडीतल्या बॅचला हमखास असं घडतं. वीस-बावीस दिवसांपर्यंत पक्षी उत्तम असतात. मग काही पक्षी पिसं फुलवून कोपऱ्यात बसू लागतात, चोच उघडी ठेवून श्वास घेतात, खाद्य शिल्लक राहायला लागतं आणि मरतुकीचा आकडा रोज चढतो. शेतकरी औषधाच्या दुकानात जातो. तिथे 'काय झालंय' हा प्रश्न येत नाही. 'पाण्यातलं देऊ की खाद्यातलं?' एवढंच विचारलं जातं. पुडी टाकीत पडते, दोन दिवस जरा उतार वाटतो आणि मर पुन्हा सुरू होते. मग दुसरी पुडी.

मेलेला पक्षी पशुवैद्यकांनी उघडून दाखवला की चित्र बहुतेक वेळा सारखंच असतं. कलेजीवर पांढरट पापुद्रा, हृदयाभोवतीचं आवरण जाड झालेलं, हवेच्या पिशव्या गढूळ. हे काम ई. कोलाय या जिवाणूचं. पण हा जिवाणू काही बाहेरून त्या दिवशी आलेला नसतो. तो प्रत्येक कोंबडीच्या आतड्यात असतो, तुसाच्या गादीत असतो, पाण्याच्या नळीत असतो. पहिल्या दिवसापासून शेजारी असलेला जिवाणू बाविसाव्या दिवशी जीव का घेतो, याचं उत्तर त्याच पक्ष्यात जरा खाली, शेपटीच्या मुळाशी, शौचमार्गाच्या वरच्या बाजूला शोधावं लागतं. तिथे जेमतेम दोन सेंटिमीटरची एक गोल पिशवी असते, फॅब्रिशियसची पिशवी. आमच्याकडचे सगळे तिला बर्साच म्हणतात. निरोगी पक्ष्यात ती टपोरी असते. आमच्या एका बॅचमध्ये उघडलेल्या पक्ष्यांत ती आक्रसून शेंगदाण्याएवढीही उरली नव्हती.

या पिशवीची गोष्ट मी वर्गात सांगायचे. इटलीतल्या पदुआच्या फॅब्रिशियस या शरीरशास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं, ते त्याच्या मृत्यूनंतर १६२१ मध्ये छापलं गेलं. ती करते काय हे मात्र पुढची तीन शतकं कोणाला ठाऊक नव्हतं. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात ब्रूस ग्लिक हा विद्यार्थी पिल्लांची ही पिशवी काढून त्यांच्या वाढीवर काय परिणाम होतो ते पाहत होता. त्याचा सहाध्यायी टिमोथी चँग याला वर्गात प्रतिपिंडं, म्हणजे रक्तातली रोगाशी लढणारी प्रथिनं, कशी तयार होतात हे दाखवायचं होतं, म्हणून त्याने ग्लिककडच्या कोंबड्या मागून घेतल्या आणि त्यांना साल्मोनेलाचे जिवाणू टोचले. पिशवी काढलेल्या कोंबड्यांच्या रक्तात प्रतिपिंडं तयारच झाली नाहीत. 'सायन्स' या नियतकालिकाने हा निबंध नाकारला. १९५६ मध्ये तो 'पोल्ट्री सायन्स'मध्ये आला आणि त्या क्षेत्राबाहेर कित्येक वर्षं फारसा कोणी वाचला नाही. माणसाच्या शरीरात प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींची ओळख पटली ती या कोंबड्यांच्या वाटेने. इतकं मोठं ज्ञान ज्या पक्ष्याने दिलं, त्याच्या शेडमध्ये आज त्याचा उपयोग होत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

बर्सा नासवणारा रोग म्हणजे गंबोरो. तो विषाणूचा आहे, अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या गंबोरो गावाजवळ १९६२च्या सुमारास प्रथम नोंदला गेला. हा विषाणू बर्सातल्या कोवळ्या बी-पेशीच मारतो. मोठ्या पिल्लांत आला तर पांढरी हगवण आणि भराभर मर दिसते, निदान कळतं तरी. पहिल्या तीन आठवड्यांत आला तर बाहेरून काहीच दिसत नाही. पिल्लू खातं, पितं, वजन धरतं, फक्त त्याची लढायची ताकद गेलेली असते. त्याला मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस दिली तरी ती नीट लागू होत नाही आणि घरचाच ई. कोलाय त्याला पुरून उरतो. शेतकऱ्याला दिसतो तो ई. कोलाय, म्हणून तो प्रतिजैविक घालतो. गेलेली बर्सा कोणत्याही पुडीने परत येत नाही.

गंबोरोची लस आहे, सगळे ती देतातही. अडचण दिवसाची आहे. पिल्लाला अंड्याच्या बलकातून आईची प्रतिपिंडं मिळालेली असतात आणि ती दोन-तीन आठवड्यांत ओसरत जातात. ती भरपूर असताना जिवंत लस दिली तर आईचीच प्रतिपिंडं तिला निष्प्रभ करतात. ती संपेपर्यंत थांबलो तर रोग आधी गाठतो. मधली खिडकी दोन-चार दिवसांची, आणि ती कधी उघडेल हे आईच्या कळपाला कोणत्या लसी कधी दिल्या यावर ठरतं. पिल्लांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण मोजून लसीचा दिवस काढायचं सूत्रही आहे, डेव्हेंटर सूत्र म्हणतात त्याला. आमच्याकडे मात्र सरसकट 'चौदाव्या दिवशी गंबोरो' असं भिंतीवर लिहिलेलं असतं. दोन तास पाणी तोडून, टाकीतलं क्लोरीनचं पाणी काढून, दूध पावडर कालवून, पहाटे उठून सूनबाई ती लस पाजते. एवढी मेहनत चुकीच्या दिवशी घडत असेल, तर त्यात तिचा काय दोष? एकाच गाडीतून दोन-तीन कळपांची पिल्लं मिसळून आली असतील, तर बरोबर असा एक दिवस उरतच नाही.

जिवाणूंचंही असंच आहे. पुलोरम आणि मायकोप्लाझ्मा हे आजार आईकडून अंड्यावाटे पिल्लात उतरतात. ते तपासायची चाचणी सोपी आहे. काचपट्टीवर कोंबडीच्या रक्ताचा थेंब आणि रंगीत अँटिजेनचा, म्हणजे त्या जिवाणूपासून बनवलेल्या द्रवाचा, थेंब मिसळायचा, प्रतिपिंडं असतील तर दोनेक मिनिटांत गुठळ्या दिसतात. ही तपासणी पैदाशीच्या कळपांवर होत असते. निकाल हॅचरीच्या, म्हणजे अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्या केंद्राच्या, कपाटात राहतो, पिल्लं आमच्याकडे येतात.

म्हणून माझी मागणी एकच आहे. पिल्लांच्या प्रत्येक पेटीबरोबर एक चिठ्ठी यावी. पिल्लं कोणत्या कळपाची, त्या कळपाचं वय किती, गंबोरोची शेवटची लस कधी दिली, प्रतिपिंडांचं सरासरी प्रमाण किती, पुलोरम आणि मायकोप्लाझ्माच्या तपासणीचा निकाल काय, एवढंच त्यावर असावं. कांद्याच्या बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती आणि शुद्धता छापावीच लागते, तसा कायदा १९६६ पासून आहे. बियाणं घेणाऱ्याला जो हक्क आहे तो पिल्लं घेणाऱ्याला का नसावा? कराराने पक्षी सांभाळणाऱ्याला तर पिल्लं कोणत्या हॅचरीतली हेही अनेकदा कळत नाही.

केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांसाठी कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी घातली, ती योग्यच होती. माणसाच्या उपचारातलं ते अखेरच्या पर्यायांपैकी औषध आहे. पण एक औषध बंद झालं की काउंटरवर दुसरं येतं. पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक मिळू नये, हे मला मान्य आहे, माझ्या घरच्यांना त्रास झाला तरी. मात्र त्याबरोबर तालुक्याच्या ठिकाणी पक्षी उघडून पाहण्याची आणि कोणतं औषध लागू पडेल हे तपासण्याची सोय हवी. जिवाणू वाढवून ही चाचणी करायला दोन-तीन दिवस लागतातच. त्यात नमुना बर्फात घालून दूर पोचवण्याचा दिवस मिळवला, तर पाच-सहा आठवड्यांच्या बॅचमध्ये तो निकाल कामाला येत नाही.

शेतकऱ्यांनीही आपलं शेड पाहावं. थंडीत पडदे पूर्ण बंद करून ऊब राखायच्या नादात अमोनिया साठतो. आत शिरताच डोळे चुरचुरले तर पक्ष्याच्या श्वासनळीतले जिवाणू बाहेर ढकलणारे सूक्ष्म केस केव्हाच निकामी झालेले असतात. वरून थोडी फट ठेवणं आणि ओलं तूस लगेच उचलणं याला पैसे लागत नाहीत.

चिठ्ठीतले आकडे आमच्याविरुद्ध वापरले जातील, अशी भीती हॅचरीचालकांना वाटेल. मला ती समजते. म्हणून सुरुवातीला नुकसानभरपाईचा विषय बाजूला ठेवून फक्त माहिती देणं बंधनकारक करावं आणि पशुसंवर्धन विभागाने चिठ्ठीचा नमुना मराठीत ठरवून द्यावा. आपल्या वृत्तपत्राने विभागाला आणि हॅचरीचालकांना याबाबत जाहीरपणे विचारावं, आणि त्यांची उत्तरं याच पानावर छापावीत, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका
ता. सिन्नर, जि. नाशिक