डेली सिटीतलं जेवण

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, शनिवारी तू फोनवर विचारलंस की बाहेर जेवलीस म्हणजे नेमकं काय खाल्लंस, आणि तेवढ्यात गावची रेंज गेली. म्हणून लिहिते.

डेली सिटी हे सॅन फ्रान्सिस्कोला लागून असलेलं गाव. फिलिपिनो लोकांची वस्ती इथे मोठी आहे. तिथे एका साध्या हॉटेलात फिलिपिनो आणि मेक्सिकन जेवण एकत्र करून देतात. काउंटरवर पैसे भरायचे, नंबर पुकारला की आपला ट्रे आपण उचलायचा. मी सिसिग टाको घेतला. सिसिग फिलिपाइन्सच्या पांपांगा प्रांतातलं. डुकराचे कान आणि डोक्याचं मांस आधी उकडायचं, मग निखाऱ्यांवर भाजायचं, बारीक चिरायचं आणि वर कांदा, मिरची, कालामान्सीचा रस. कालामान्सी म्हणजे सुपारीएवढं लिंबू, त्याला संत्र्याचा वास असतो. हे सगळं मक्याच्या टॉर्टियात. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, दळून ती करतात. आपल्या तांदळाच्या भाकरीसारखी, पण तळहाताएवढी. आंबट, तिखट, कुरकुरीत, सगळं एका घासात. बरोबर अडोबो घातलेला बरिटो होता, म्हणजे मोठ्या टॉर्टियाची सारण भरलेली गुंडाळी. व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, मिरी आणि तमालपत्र घालून मांस शिजवतात, तो अडोबो. आई, तुझ्यासाठी तिथे टोफूचं सिसिगही मिळतं. मी मुद्दाम चाखून पाहिलं, तुला आवडेल.

बाबा, तुम्ही म्हणाल की दोन देशांचं जेवण एका ताटात कशाला कालवायचं. पण त्यांची ओळख फार जुनी. 1565 ते 1815 अशी अडीचशे वर्षं मनिला आणि मेक्सिकोचं अकापुल्को यांच्यामध्ये स्पॅनिश गलबतं ये-जा करत होती. पपई, पेरू, मका तिकडून फिलिपाइन्समध्ये गेले. फिलिपिनो खलाशांनी मेक्सिकोला माड छेदून माडी काढायला शिकवलं, आणि कोलिमा भागात ती अजून विकतात. हे वाचलं तेव्हा आपल्या परड्यातला माड डोळ्यांपुढे आला.

मला खरं सांगायचंय ते भिंतीवरच्या फोटोबद्दल. द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या संपाचा होता. 8 सप्टेंबर 1965 रोजी इथल्याच, कॅलिफोर्नियातल्या डेलानो गावात लॅरी इटलियाँग यांच्या संघटनेतल्या फिलिपिनो मजुरांनी काम बंद केलं. त्यातले कितीतरी जण तरुणपणी आलेले, साठीला टेकलेले आणि एकटे होते. फिलिपाइन्सहून बायका फारशा आल्याच नव्हत्या, आणि गोऱ्या बाईशी लग्न करायला इथे कित्येक वर्षं कायद्याने बंदी होती. याआधी मालक एका जमातीचा संप दुसऱ्या जमातीचे मजूर आणून मोडत. म्हणून इटलियाँग मेक्सिकन मजुरांच्या संघटनेचे नेते सेझर चावेझ यांच्याकडे गेले, आणि आठवडाभरात मेक्सिकन मजूरही उतरले. पुढच्या वर्षी दोन्ही संघटना एक झाल्या. गावातल्या फिलिपिनो हॉलमध्ये संपाचं स्वयंपाकघर चाले, आणि दोघे एकाच पंगतीला जेवत. 1970 साली मळेवाल्यांनी करार केले.

बाबा, 18 जानेवारी 1982 ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, त्यानंतरचे दिवस तुम्ही आम्हाला कधी नीट सांगितले नाहीत. आईच सांगते, गावाहून नाचणी यायची आणि चाळीत एका चुलीवर तीन बिऱ्हाडांचं शिजायचं, त्यातलं एक घाटावरचं. तुमचा संप कुणी करारापर्यंत नेला नाही. गिरण्या गेल्या, तुम्ही गावी परतलात. फोटोतली ती माणसं बघताना मला तुमचे मित्र आठवत होते, ज्यांची नावं तुम्ही अजून रात्री घेता. त्यांच्या जेवणाची आठवण ठेवणारं एक हॉटेल लालबागमध्येही असावं असं मला फार वाटतं.

तुम्ही याल तेव्हा आधी तिथे जेवू. मग डेलानोला जाऊ, गाडीने चार-साडेचार तासांचा रस्ता आहे. तो हॉल अजून उभा आहे. बाबांच्या गुडघ्याला एवढं बसणं चालेल का, ते डॉक्टरांना विचारून कळवा. आई, पासपोर्टचं काम पावसाच्या आधी उरकून घे, आणि येताना कोकमं थोडी जास्त आण.

तुमची,
सुमी