नाताळची गाणी ऐकून आल्यावर

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

काल संध्याकाळी रेसिडेन्सी भागातल्या एका चर्चमध्ये नाताळच्या गाण्यांना गेले होते. ऑफिसातली मैत्रीण तिथे गाते, तिनेच बोलावलं. तेव्हापासून सारखं वाटतंय, बाबा, तुम्ही हवे होतात.

सुरुवातीला दहा-अकरा वर्षांची एक मुलगी एकटीच गायली. साथीला काहीच नाही, पेटीसुद्धा नाही. गाण्याआधी तिने घेतलेला श्वास मला चौथ्या रांगेत ऐकू आला. पुढच्या कडव्याला मागची मंडळी मिळाली, मग ऑर्गन. एकट्या कोवळ्या आवाजाने आरंभ करायची ही रीत केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजची. पहिलं महायुद्ध संपलं त्याच वर्षी, १९१८ च्या नाताळात, तिथे हा कार्यक्रम सुरू झाला. मूळ त्याहून जुनं, १८८० मधलं, इंग्लंडमधल्याच ट्रूरो गावचं. तिथलं कॅथेड्रल बांधून व्हायचं होतं, म्हणून लाकडी शेडमध्येच प्रार्थना भरत.

आई, तुला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. बायबलातले नऊ उतारे, आणि प्रत्येकानंतर गाणं. आदामापासून कथा निघते, यशया संदेष्ट्याची भविष्यवाणी येते, मग मरिया, मेंढपाळ. रामनवमीच्या कीर्तनात बुवा थोडी कथा, थोडं पद करत आपल्याला जन्मापर्यंत नेतात, अगदी तसं. पहिला उतारा एका लहान मुलाने वाचला. जन्माचा उतारा मात्र एका आजोबांनी चक्क मराठीत वाचला! ओळ चुकू नये म्हणून बोट ठेवून, सावकाश. उतारशाळेत जागा नव्हती म्हणून बाळाला गव्हाणीत ठेवलं, हे वाक्य आलं तेव्हा आधी चाळा करणारी पोरंसुद्धा गप्प झाली.

बाबा, तुम्ही नेहमी म्हणता, त्यांच्या गाण्यात राग कुठे असतो. नसतो. पण सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे उंचापासून खर्जापर्यंतचे चार आवाज एकाच वेळी वेगवेगळे स्वर धरतात आणि शेवटी एकमेकांत मिसळतात, तेव्हा अंगावर काटा येतो. मी मुद्दाम बासकडेच कान लावला होता. खालून तो सगळ्यांना धरून ठेवतो, तरी त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. ग्वाल्हेरच्या तानसेन समारोहाची सुरुवात हरिकथा आणि पैगंबरांची स्तुती गाणाऱ्या मिलादने होते, त्या तानसेनच्या समाधीपाशी तुम्ही मला लहानपणापासून नेलंत. म्हणूनच काल मला परकं वाटलं नसावं.

आता काम सांगते. किंग्ज कॉलेजचा कार्यक्रम २४ तारखेला बीबीसीच्या रेडिओवर लागतो. तिथले दुपारचे तीन म्हणजे आपले रात्री साडेआठ. जेवणं आधी उरका, आईची गोळीही आधीच घेऊन टाका. शेजारच्या चिनूला सांगून ठेवलंय, तो येऊन मोबाइलवर लावून देईल. बाबांनी कानाचं यंत्र घालायचं, 'राहू दे' म्हणायचं नाही. मी इथे त्याच वेळी ऐकत असेन. संपलं की फोन करते.

तुमची,
मनू