ताई, त्या स्प्लिट शीटसाठी मनापासून थँक्यू

ताई, तुला पर्सनल मेसेज टाकून भागलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय, कारण बँड करणाऱ्या बाकीच्या पोरांपर्यंतही हे पोचायला हवं. स्प्लिट शीट म्हणजे गाण्यात कोणी काय रचलं आणि कोणाचा किती टक्के वाटा, हे लिहून सह्या केलेला कागद.

आमचं गाणं रजिस्टर करायचं होतं तेव्हा शब्द गायकाचे आणि चाल गिटारवाल्याची म्हणून दोघांचीच नावं टाकायची असं ठरत होतं. सुरुवातीचा कीबोर्डचा पीस माझा, पण वाजवणाऱ्याचं नाव कुठे घालतात असं सगळे म्हणत होते, कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं, पद्धतच तशी पडलीये.

तू काही न बोलता प्रोकोल हारम या ब्रिटिश बँडचं 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' लावलंस आणि गायकाने तोंड उघडायच्या आत बंद केलंस. नुसता हॅमंड ऑर्गन, खाली बेस एकेक सूर उतरत जातो आणि वर ती संथ, बाखच्या वळणाची सुरावट. गाणं ओळखायला शब्द लागले का, एवढंच विचारलंस. नाही लागले ना!

आणि मग ती केस सांगितलीस. 1967 चं गाणं, क्रेडिटमध्ये संगीत गॅरी ब्रूकर आणि शब्द कीथ रीड, बास. कॉर्ड्स ब्रूकरच्याच होत्या, पण ऑर्गनची सुरावट रचली बँडच्या ऑर्गनवाल्याने, मॅथ्यू फिशरने आणि त्याचं नाव कुठेच नाही. तो कोर्टात गेला 2005 ला, म्हणजे 38 वर्षांनी! 2006 ला हायकोर्टाने त्याला सहसंगीतकार ठरवून संगीतात 40 टक्के वाटा दिला, 2008 ला अपील कोर्ट म्हणालं नाव राहू दे पण इतका उशीर केलास तर पैसे नाहीत, आणि 2009 ला हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनमधल्या सगळ्यात वरच्या कोर्टाच्या, पाचही न्यायमूर्तींनी एकमताने वाटा परत दिला. तोही केस टाकल्यापासून पुढचाच, आधीच्या रॉयल्टीवर पाणीच सोडावं लागलं.

मला जास्त लागलं ते वेगळंच. फिशर 1969 ला बँड सोडून गेला होता, 1991 च्या अल्बमला परत आला, तो आणि ब्रूकर पुन्हा बरीच वर्षं एकत्र वाजवत होते, आणि तरी शेवट कोर्टात. जे रिहर्सल रूममध्ये बोलून झालं असतं त्यासाठी लॉर्ड्सपर्यंत जायला लागलं.

तू आमच्यात भांडण लावून दिलं नाहीस ताई, हे मला फार मोठं वाटतं. चौघांना समोर बसवलंस, कोणी काय रचलं ते ज्याच्या त्याच्या तोंडून वदवून घेतलंस, टक्के लिहून सह्या घेतल्यास आणि फी विचारली तर चहा मागितलास. गिटारवाला स्वतःहून म्हणाला, पीस याचाच आहे, लिहा. तेव्हा मला काय वाटलं ते तिथे बोलता आलं नाही, म्हणून आज हे सगळं.

नव्या गाण्याचं शीट मिक्सिंगला जायच्या आधीच भरलंय, ड्रमरचं नावही आहे त्यात, मधला सगळा ब्रेक त्याने बांधलाय. फोटो पाठवतो, एकदा नजर टाक.