घड्याळाच्या पट्ट्याचं नवं भोक

इंदूर, ९ नोव्हेंबर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोनवर बोलायला लागलो की आई शेजारी येऊन उभी राहते, आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं तर त्या दोन निळ्या खुणांकडे बघत मी रात्र काढतो. म्हणून कागद घेतला.

आधी त्या सकाळचं. मी कोपऱ्यावरून पोहे-जिलबी आणली होती, तू पिशवीतून तो छोटा काटा काढून पोहे तोलायला लागलीस, आणि मी म्हणालो, हे काय सराफ्यातलं दुकान आहे का. वर आणखी विनोद केला की सराफ्यात दिवसा सोनं तोलतात नि रात्री जिलबी. कोणी हसलं नाही. तू साठ ग्रॅम पोहे खाल्लेस, शेव बाजूला काढलीस, बशी विसळून पालथी घातलीस आणि वरच्या खोलीत गेलीस. मी चुकलो. तुझ्या ताटाची थट्टा करायला नको होती. जिलबी मग मीच संपवली, तेही आईने ऐकवलंच.

दुसरी गोष्ट अशी की वजनाबद्दल विचारायचं नाही असं मी ठरवलं आहे. स्टेशनवर पुण्याची गाडी हलताना तू दारातून हात हलवलास तेव्हा तुझ्या माई आजीचं घड्याळ पार कोपराकडे घसरलं. आदल्या दिवशी ते ओट्यावर काढून ठेवलेलं असताना मी पाहिलं होतं. पट्ट्याला सहा भोकं होती ती मला पाठ आहेत. आता सात आहेत. सातवं सुईने किंवा कंपासने पाडलेलं, कडा फाटलेली. असो. नाही विचारत.

तू पाठवलेला रक्तातल्या साखरेचा तक्ता मी कॉलनीच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठा छापून आणला. खरं सांगतो, अभिमान वाटला. बोटाला सुई टोचायची म्हटलं की मला अजून घाम फुटतो, आणि तू रोज सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी, आठवड्यानुसार रंग देऊन, सगळं मांडलं आहेस. शाळेतही तुझ्या गणिताच्या वह्या बाई इतरांना दाखवायच्या. पण त्या तक्त्यात सगळ्यात उजवीकडे ‘वजन’ असा रकाना आहे आणि तो वरपासून खालपर्यंत कोरा आहे. आणि तक्ता १२ ऑक्टोबरला थांबतो. तू रकाना आखून कोरा सोडणारी मुलगी नाहीस.

मी डॉक्टर नाही, निवृत्त कारकून आहे. पण गेले तीन आठवडे हेच वाचतो आहे, तेव्हा थोडं ऐक. ऑफिसच्या तपासणीत एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.७ आली, दुसऱ्या लॅबमध्ये ६.४. मधुमेह ६.५ पासून धरतात, ५.७ ते ६.४ ही अलीकडची पायरी. म्हणजे तू उंबऱ्यावर उभी आहेस, एक पाय आत, एक बाहेर. एका डॉक्टरने साखरेची गोळी, ५०० ची मेटफॉर्मिन, लिहून दिली, दुसऱ्या बाई म्हणाल्या तीन महिने थांबून परत बघू. त्यात तुझं हिमोग्लोबिन ९.२. लोह कमी असलं तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकते, हे तुला कोणी सांगितलं का? नसेल तर विचार. आकडा कदाचित रक्तातल्या साखरेपेक्षा रक्ताच्या कमतरतेबद्दलच जास्त बोलत असेल. हे वाचलं त्या रात्री मला जरा झोप लागली.

आणि ती जीटीटी करायची म्हणालीस, पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पिऊन साखर किती चढते ते बघतात ती. त्याच्या आधी तीन दिवस रोजच्यासारखं जेवावं लागतं, पोळी, भात, सगळं. दिवसाला किमान दीडशे ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत असं म्हणतात. तू आत्ता खातेस तसं चिमणीएवढं खाऊन गेलीस तर शरीर एकदम आलेल्या साखरेने गोंधळतं आणि आकडा उगाच चढा येतो. मग नसलेला रोग कागदावर यायचा.

बघ, सुरू झालं माझं व्याख्यान. माफ कर. पण आता लेखणी उघडलीच आहे तर हेही. भाकरी म्हणजे औषध नव्हे. ज्वारीतही पिठूळपणा आहेच, साखर तिनेही चढते. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या बिस्किटात मैदा असतो. पोहे सोडायचे नाहीत, त्यात मटकी, शेंगदाणे घालायचे, आधी काकडी-टोमॅटो खायचं आणि मग पोहे. जेवल्यावर पंधरा मिनिटं चाल, लगेच, खुर्चीत बसायच्या आधी. देवासच्या आत्याने कारल्याचा रस सांगितला आहे, समोरच्या वहिनींनी मेथी, वरच्यांनी जांभळाच्या बियांची पूड. बारा घरचे बारा काढे. डॉक्टरांना न सांगता यातलं काही घेऊ नकोस, आणि आत्याला घेत नाहीस असं सांगूही नकोस, तिला वाईट वाटतं.

आता जे लिहायला बसलो ते. तुझं वजन पथ्य सुरू केल्यावर उतरलं, की आधीच उतरायला लागलं होतं?

पथ्य तू सप्टेंबरात सुरू केलंस. पण राखीला बंड्याने काढलेला फोटो आहे, त्यात तुझी गळ्याची हाडं दिसतात. आत्या म्हणते, जुलैतच तुझ्या ब्लाउजला दोन्ही बाजूंनी टाचण्या लावाव्या लागल्या. जुलैत तर तू सराफ्यात गराडू नाही म्हणून हिरमुसून दोन शिकंज्या प्यायली होतीस. मग ते पथ्याने उतरलेलं वजन नव्हे. आणि हा फरक साधा नाही. पथ्याने वजन उतरणं ही कमाई आहे. खाऊन-पिऊन उतरणं म्हणजे खाल्लेलं अंगाला लागत नाही, शरीर स्वतःलाच खातं आहे. तशा वेळी सी-पेप्टाइड बघतात, आपलं स्वादुपिंड इन्सुलिन बनवतं की नाही ते त्यात कळतं. जीएडी अँटिबॉडी बघतात, आपलंच शरीर स्वादुपिंडावर उलटलं आहे का यासाठी. तिशीतही हे होतं, आणि सावकाश होतं, म्हणून सुरुवातीला नेहमीच्या मधुमेहासारखंच दिसतं.

तसं नसेलही. बारीक माणसाला साधा मधुमेह होत नाही असं मुळीच नाही. तुमच्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक, त्यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या डॉक्टरांच्या मासिकात स्वतःचा आणि डॉ. युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एक, २२.३. साहेबाच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. आपण वरून हडकुळे आणि आतून लोणी. तेव्हा मी काही ठरवून बसलेलो नाही. एवढंच म्हणतो की डॉक्टरांना तो रकाना भरून दाखव. ‘डाएट करते आहे ना’ म्हणून त्यावर पांघरूण घालू नकोस.

हे मी का धरून बसलो ते तुला माहीत नाही. आईलाही नाही.

तुला आठवते ती माई म्हणजे झोपाळ्यावर बसून पत्त्यांत लबाडी करणारी. मला आठवते ती १९७१ ची, रामबागच्या घरातली, चाळिशीही न उलटलेली. तेव्हा बोटाला टोचून साखर कळत नसे. काचेच्या नळीत बेनेडिक्टचं निळं पाणी चमचाभर, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. नाहीतर हिरवं, मग पिवळं, नारिंगी, आणि शेवटी भाजलेल्या विटेसारखं लाल. हे काम माझं. नाना काकाला वास सहन होत नसे. मी बारा वर्षांचा, नळी चिमट्यात धरून मोरीपाशी उकिडवा बसायचो. उकळी आली की नळी उसळायची, तेव्हा तोंड दुसरीकडे वळवायचं, हे माईनेच शिकवलेलं.

महालक्ष्म्या जेवायच्या दिवशी रंग विटेचा आला. सकाळपासून घरभर पुरणाचा वास होता. तिने स्वयंपाकघरातून विचारलं, काय रे, कोणता? हिरवा असला तरच ती गोडाचं पान घ्यायची. मी म्हणालो, हिरवा. आणि नळी मोरीत ओतून वर दोन तांबे पाणी टाकलं. तिने तुपाची धार घेऊन एक पुरणपोळी खाल्ली, इतकी सावकाश की पंगत उठली तरी ती तिथेच. काही झालं नाही. म्हणून पुढच्या वेळीही मी हिरवाच सांगितला. त्याच्या पुढच्या वेळीही. महिनाभर घरात सगळे म्हणत होते, बघा, साखर नाही, पथ्याने बारीक झाली, छान झाली. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. नवरात्रात एका पहाटे ती उलट्या करत उठली आणि तिचा श्वास असा चालला होता, जणू जिना चढून आली आहे. एमवाय हॉस्पिटलला नेलं. तिथून इन्सुलिन सुरू झालं.

पुढे एकतीस वर्षं घेतलं तिने. काचेची सिरिंज पातेल्यात उकळून, बाटली माठाच्या खाली ओल्या फडक्यात. तुझं बारसं केलं, तुझ्या पाचवीच्या निकालाला पेढे वाटले, स्वतः अर्धा खाल्ला. तेव्हा इन्सुलिन या शब्दाला मी घाबरत नाही, तूही घाबरू नकोस. घाबरतो ते हिरव्या रंगाला.

ती गेली तेव्हा घड्याळ तुझ्याच हातात पडलं. मी तिला कधी सांगितलं नाही. तिला कळलं असावं, कारण एमवायमधून आल्यावर तिने ते काम माझ्याकडून काढून घेतलं, एक शब्द न बोलता.

तुला लिहायचं होतं दोन ओळी, आणि बघ कुठे पोहोचलो. रागावू नकोस. उलट्या, पोटात दुखणं, तोंडाला गोडूस वास, धाप, यातलं काहीही झालं तर मला फोन करत बसू नकोस, सरळ हॉस्पिटल गाठ, तुझ्या त्या रूममेटला हे आजच सांगून ठेव. बाकी तू माझ्यापेक्षा शहाणी आहेस. काटा वापर. पोहेही तोल. फक्त एकदा स्वतःही उभी राहा त्यावर, म्हणजे त्याच्यावर नाही, मोठ्यावर.

आईने डबा भरला आहे: मेतकूट, भाजलेले चणे, जवसाची चटणी, आणि जीरावन मसाल्याची पुडी, ती तरी तोलू नकोस. शुक्रवारच्या गाडीचं माझं तिकीट काढलं आहे, वेटिंग सात आहे, होईल. नको असलं तर कळव, रद्द करीन, थोडे पैसे कापतात पण हरकत नाही. पण नको म्हणू नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. दिवाळीत मी हॉलमध्ये झोपलो होतो ना. तीन रात्री मोजलं, रात्रीतून तीनदा-चारदा माठात ओगराळं बुडाल्याचा आवाज यायचा. पहिल्या दिवशी वाटलं, चकली खारट झाली आहे खरी. मग आठवलं, चकलीला तू हातच लावला नव्हतास. आईला सांगितलेलं नाही.