टाकीखाली हात घालून पाहिल्याबद्दल

मिस्त्रीकाका, नमस्कार.

बोटीतली पिण्याच्या पाण्याची जुनी लोखंडी टाकी काढून नवी स्टीलची बसवायची, म्हणून बाबांनी तुम्हाला ससून डॉकला बोलावलं होतं. काम मोठं, पैसाही तसाच. ते तुम्ही आपणहून लहान केलंत. तोंडावर आभार मानले की तुम्ही चहा मागवून विषय बदलता, म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांनी वाचावं असं.

गोडं पाणी तांबूस दिसायला लागलं की आम्ही टाकी रिकामी करतो, आतून घासतो, रंगाचा एक हात मारतो. तेच पाणी खलाशी समुद्रात दिवसेंदिवस पितात, त्यामुळे सगळं लक्ष आत. तुम्ही आधी खाली हात घातलात आणि हातोडीने तळ ठोकत गेलात. मागच्या कोपऱ्यात आवाज बद्द झाला. टाकी लाकडी आडव्यांवर थेट टेकलेली, आणि बिल्जचं, म्हणजे बोटीच्या तळाशी साचणारं, खारं पाणी त्या लाकडात बारा महिने मुरलेलं. पत्रा बाहेरूनच खाल्ला जात होता.

बाबांचा स्टीलवर फार भरवसा. स्टीलला वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर, आणि तो पुन्हा धरायला हवा लागते, हे तुम्ही त्यांना शांतपणे सांगितलंत. खाऱ्या ओल्या लाकडावर दाबून बसवलं की ३०४ नंबरच्या नेहमीच्या स्टीलला टाचणीएवढी भोकं पडतात. मॉलिब्डेनम हा धातू मिसळलेला असल्यामुळे ३१६ नंबरचं स्टील जास्त तग धरतं, पण तिथे त्याचीही खात्री नाही. मग तळाचा पत्रा तेवढा बदललात, आडव्यांना पाणी निघून जाईल अशा खाचा पाडल्यात. आतून पिण्याच्या पाण्याला चालणारा इपॉक्सी लेप लावलात आणि तो पुरता सुकेपर्यंत एक बादली भरू दिली नाहीत. ३१ जुलैला मासेमारीबंदी संपणार म्हणून बाबांचा जीव वरखाली, पण तुम्ही ढिम्म!

खरे आभार मात्र वेगळ्याच गोष्टीचे. झाकण निघताच धाकटा आत उतरायला निघाला, आणि तुम्ही त्याची कॉलर धरलीत. बंद टाकीत गंज धरताना लोखंड हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं. वास नाही, रंग नाही. उतरलेला माणूस कोसळतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही. गटारात गुदमरून माणसं गेल्याचं मुंबईत आपण पेपरात वाचतो, पण पिण्याच्या पाण्याच्या टाकीची भीती कोणाला वाटते? तुम्ही ब्लोअर लावलात, बराच वेळ हवा खेळू दिलीत, कमरेला दोरी बांधलीत, वर माणूस उभा केलात आणि मगच स्वतः उतरलात. आई त्या दिवसापासून तुमचं नाव देवासारखं घेते.

शेजारच्या नाखव्यांनाही तुमचा नंबर दिलाय. त्यांची टाकी नवी कोरी स्टीलची आहे, पण बसवलीय तशाच ओल्या आडव्यांवर.

तुमची,
नाखव्यांची थोरली