चार्ज कुणाकडे आहे ते पण फलकावर लिहा

संपादक साहेब, नमस्कार.

सरकारी ऑफिसात कामं का रखडतात यावर पेपरात पुष्कळ छापून येतं आणि त्यातलं बरंचसं खरं पण असतं, पण अतिरिक्त कार्यभाराबद्दल, म्हणजे आपलं पद सांभाळून रिकाम्या पदाचा पण चार्ज देतात त्याबद्दल, कुणी धड लिहीत नाही. मी महसूल खात्यातनं अव्वल कारकून म्हणून रिटायर झालोय म्हणून हे लिहू तरी शकतोय, नोकरीत असताना सरकारी नोकरांचे 1979 चे वर्तणूक नियम आडवे येतात आणि आतल्या माणसाला जे रोज दिसतं ते आतच राहतं.

होतं काय, की एक पद रिकामं होतं आणि शेजारच्या टेबलवाल्याला ऑर्डर निघते, "पुढील आदेशापर्यंत" तुमच्याकडे चार्ज. ते पुढील आदेश काही येत नाहीत. आता जो माणूस 58 व्या वर्षी रिटायर होणार त्याची तारीख काय ऑफिसला अचानक कळते का, सेवापुस्तकाच्या पहिल्याच पानावर जन्मतारीख असते, म्हणजे तो जॉइन झाला त्या दिवसापासून सगळ्यांना माहिती असतं की हा कधी जाणार, तरी तो गेल्यावरच धावाधाव सुरू होते. मग आकृतिबंध (कुठली किती पदं ते) मंजूर नाही, बिंदुनामावली (कुठली जागा कुठल्या आरक्षणाची ते) तपासून आलेली नाही, जागा भरा म्हणून मागणीपत्र गेलेलं नाही, असं करत जाहिरात निघते. निघाली तरी लगेच माणूस येतो असं नाही. 2023 ला तलाठ्यांच्या 4644 जागांची जाहिरात आली, दहा लाखांच्या वर अर्ज आले, निकालात नॉर्मलायझेशन, म्हणजे वेगवेगळ्या सत्रांतल्या पेपरांचे मार्क एका मापात आणणं, होऊन 200 पैकी 214 मार्क दिसले आणि त्यावरनं केवढा गोंधळ झाला ते तुम्हीच छापलंय. तोपर्यंत गावात कोण होतं? शेजारच्या गावचा तलाठी, स्वतःचा सजा, म्हणजे त्याच्याकडची गावं, सांभाळून. आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं म्हणे, बरंय.

दोन-तीन सजांचा चार्ज असलेला माणूस दिवस कसा काढतो ते बघा. सकाळी एका गावात पंचनामा, दुपारी तहसीलला मीटिंग नाहीतर व्हिडिओ कॉन्फरन्स, मधेच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज की अमुक माहिती आजच्या आज एक्सेलमध्ये द्या, तीच माहिती मागच्या आठवड्यात वेगळ्या फॉरमॅटमध्ये दिलेली असते, आणि काहीच नसेल तर निरंक, म्हणजे काही नाही, म्हणून तरी कळवाच. पाच दिवसांचा आठवडा 2020 च्या फेब्रुवारीत लागू झाला, वेळ पावणेदहा ते सव्वासहा, हे कागदावर. ग्रुप शनिवारी पण चालू असतो. फेरफाराच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाच्या, नोटिशीला पंधरा दिवस द्यावे लागतात ते कायद्याने ठीकच आहे, पण पंधरा दिवस झाल्यावर नोंद पुढं सरकवायला माणूस जागेवर तर पाहिजे ना.

आणि हे पण खरं सांगतो की चार्जच्या आडोशाला लपणारे भरपूर आहेत. इथं विचारलं तर तिकडं गेलेत, तिकडं विचारलं तर इकडं आहेत, आणि साहेब दोन्हीकडं नाहीत. त्यांचा बचाव मला करायचा नाही. पण जो खरंच तीन टेबलं ओढतोय आणि जो लपतोय, हे दोघं लोकांना सारखेच दिसतात आणि शिव्या पण दोघांना सारख्याच पडतात, मग प्रामाणिक माणसाला पण एक दिवस वाटायला लागतं की कशाला मरायचं.

कायदे कमी नाहीत. बदल्यांचा 2005 चा कायदा आहे ना, त्यातच विलंबाचं पण कलम आहे, साधी फाईल सात दिवसांच्या वर टेबलवर ठेवायची नाही, तातडीची चार दिवसांत काढायची. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात मुदतीत सेवा दिली नाही तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला, म्हणजे ती सेवा द्यायची जबाबदारी ज्याच्यावर त्याला, 500 ते 5000 रुपये दंड आहे. चांगलं आहे. पण दंड होणार तो ज्याच्याकडे चार्ज आहे त्याला. ज्यांनी ती जागा भरायचं मागणीपत्र वेळेत पाठवलं नाही त्यांना साधी कारणे दाखवा नोटीस पण नाही. झिरो पेंडन्सीचे, म्हणजे एकही काम शिल्लक न ठेवण्याचे, सप्ताह होतात, कागदांचे वर्गवारीनं सहा गठ्ठे लावून फोटो काढतात, जागा रिकामी ती रिकामीच.

माझी मागणी साधी आहे. सेवा हक्क कायद्यानुसार प्रत्येक ऑफिसात फलक असतो, कुठली सेवा, किती दिवसांत, अधिकारी कोण, अपील कुणाकडे. त्यात अजून एक रकाना वाढवा. हे पद भरलेलं आहे की चार्जवर, चार्ज कुठल्या तारखेपासून, आणि तो माणूस इथं कुठल्या वारी बसतो. वार तरी लिहाच, म्हातारी माणसं दोन एसट्या बदलून येतात आणि कुलूप बघून परत जातात. सहा महिन्यांच्या वर चार्ज चालला तर नेमणूक ज्यांच्या हातात आहे त्यांचं पदनाम पण तिथंच खाली यावं. अपील ऐकणाऱ्याने पण आधी तो रकाना बघावा आणि मग कुणाला दंड करायचा ते ठरवावं.

यावर कुणी म्हणेल शासन निर्णय लागेल. राज्यभर करायचं तर लागेल, पण तारीख आणि वार लिहायला कुठल्याही तहसीलदाराला किंवा गटविकास अधिकाऱ्याला कुणी अडवलेलं नाही, एका दिवसाचं काम आहे ते. कुणी केलं असेल तर जरूर छापा.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून