तळघरातली गुडगुड ऐकून घेणाऱ्या प्लंबरदादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं काम झालं, पैसे चुकते झाले, तुम्ही पुढच्या कामाला लागलात. आमच्याकडे मात्र विषय अजून संपलेला नाही, कारण आई येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला तुमची गोष्ट सांगत बसते. म्हटलं, आपणही लिहून टाकावं.

तळघरातल्या त्या बाथरूमने तिची झोप उडवली होती. वर कुणी फ्लश केला की खाली गुडगुड, आणि मग सडक्या अंड्याचा वास. तुमच्याआधी आलेल्यांचं काय सांगू! एकाने जाळीत फिनाइल ओतलं आणि चालता झाला. एक म्हणाला, तळघर म्हटलं की वास आलाच, होईल सवय. आणि एका महाशयांनी तर आईच्या देखत मला सांगितलं, "वय झालं की असे भास होतात." तिचा चेहरा पडलेला मला दिसला, त्यांना दिसला नाही. जाता जाता ते मोठा एक्झॉस्ट फॅन बसवून गेले, आणि वास दुप्पट झाला. तो का, हे तुमच्याकडून कळलं. ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखालच्या वाकड्या नळीत वास अडवायला साठलेलं पाणी उतरलेलं असलं की पंखा खोलीतली हवा बाहेर फेकतो आणि तिच्या जागी गटारातली हवा आत खेचतो. म्हणजे आम्ही पैसे मोजून वास घरात आणत होतो.

तुम्ही आलात आणि आधी तो पंखा बंद केलात. बादली उपडी घालून बसलात आणि विचारलंत, "काकू, आधी आवाज येतो की वास?"

हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती ताडकन म्हणाली, आवाज आधी, वास मागून. दुपारी काही नाही, कारण वर कुणी नसतं. तुम्ही म्हणालात, "मग अर्धं काम तुम्हीच केलंत."

मग मला वर फ्लश करायला पिटाळलंत आणि टॉर्च तिच्या हातात दिलात. माझ्या नाही, मदतनिसाच्या नाही, तिच्या. कोपऱ्यातल्या जाळीखालचं पाणी थरथरलं, बुडबुडे आले आणि पातळी खाली गेली, हे सगळ्यात आधी तिने पाहिलं. "बघ, बघ!" अशी ओरडली की मला वर ऐकू आलं.

पुढचं तुमचं नेहमीचंच असणार. सांडपाण्याच्या नळांना हवा पुरवणाऱ्या गच्चीवरच्या व्हेंट पाइपच्या तोंडात पक्ष्याचं घरटं निघालं. वरून हवा मिळत नाही म्हटल्यावर कोसळणारं पाणी ती आमच्या ट्रॅपमधून ओढत होतं. गटार आणि आपलं नाक यांच्यामध्ये जेमतेम ५० मिलिमीटर पाणी असतं, तेवढंही टिकत नव्हतं. नंतर वाचलं की वाकड्या नळीत पाणी अडवून वास रोखण्याच्या युक्तीचं पेटंट अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली घेतलं. इतकी जुनी गोष्ट, पण त्या पाण्यात डोकावून बघावं असं आधीच्या एकालाही वाटलं नाही.

"होईल सवय" म्हणणाऱ्याला तुमचं आणखी एक वाक्य ऐकवायचंय. गटारातला हा गॅस जास्त झाला तर नाकच बधिर होतं, वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असं नाही.

हुशार माणसं पुष्कळ भेटतात हो. दवाखान्यात, ऑफिसात, कुठेही जा, पण समोरचा सांगतोय ते खरं असेल असं धरून चालणारा क्वचित भेटतो. म्हाताऱ्या बाईचं तर कुणी वाक्यसुद्धा पुरं होऊ देत नाही. तुम्ही तिचं पुरं ऐकलंत, आणि वर तिलाच साक्षीदार केलंत. ते बिलात कुठे लावलं होतंत?

काढलेला मोठा पंखा तुमच्या उपयोगाचा असेल तर घेऊन जा. याल तेव्हा मात्र जरा सवडीने या. स्वयंपाकघरातला नळ झटकन बंद केला की भिंतीत ठक्कन वाजतं, असं आईचं म्हणणं आहे, आणि वेळा तिने लिहून ठेवल्या आहेत.